टर्कीची शिकार आणि छऱ्यांचा क्रमांक

छऱ्यांच्या काडतुसावर छापलेला आंकडा जसजसा वाढत जातो, तसतसा आंतला छरा लहान होत जातो. ही उलटी रीत ज्यांच्या परिचयाची नाहीं, त्यांना अमेरिकेंतील टर्कीच्या शिकाऱ्यांमध्यें पिढ्यान् पिढ्या चालत आलेला एक वाद समजणें कठीण जाईल. वाद आहे ४, ५ आणि ६ या तीन आंकड्यांचा. वरवर पाहतां तो अगदींच किरकोळ वाटतो. परंतु एखादा पक्षी जागच्या जागीं मरतो कीं जखमी होऊन झाडींत नाहींसा होतो आणि दोन दिवसांनीं कोल्ह्यांच्या तोंडीं पडतो, हें पुष्कळ अंशीं त्या आंकड्यावर ठरत असल्यामुळें त्याला किरकोळ म्हणतां येत नाहीं.

टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेचा पक्षी. हिंदुस्थानांत तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला. १६१२ सालीं मुकर्रबखानानें जहांगीर बादशहासाठीं गोव्याहून जीं नवलाचीं जनावरें आणलीं, त्यांत हाहि होता. दरबारी चित्रकार मन्सूर यानें काढलेलें त्याचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. इंग्रजांनीं त्याला तुर्कस्तानाचें नांव दिलें, पोर्तुगीजांनीं 'पेरू' म्हटलें. आणि गंमत अशी कीं, या दोन देशांपैकीं एकहि त्याचें माहेर नव्हे.

नाताळच्या मेजवानीसाठीं पाळलेला स्थूल टर्की आणि रानांतला टर्की यांत मात्र मोठें अंतर आहे. रानटी नर बहुधा १६ ते २४ पौंड भरतो, घोड्याच्या दुडक्या चालीला हार न जाण्याइतका पळतो, आणि त्याची नजर इतकी तीक्ष्ण असते कीं शिकाऱ्याच्या बोटाची हालचालहि तिच्यांतून सुटत नाहीं. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळें विसाव्या शतकाच्या आरंभीं हा पक्षी कित्येक राज्यांतून नाहींसा झाला होता. १९३७ च्या कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या रक्षणाकडे वळविण्यांत आला, आणि पुढें रानांत जाळीं टाकून पकडलेले पक्षी दुसऱ्या राज्यांत नेऊन सोडण्यांत आले. आज अलास्का वगळतां अमेरिकेच्या सर्व राज्यांत तो आढळतो.

त्याच्या शिकारीची तऱ्हा निराळी आहे. वसंत ऋतूंत नर माद्यांना साद घालूं लागतात. शिकारी पहांटेच्या अंधारांत एखाद्या जाड झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसतो. अंगांत पानापाचोळ्याच्या रंगाचे कपडे, तोंडावर जाळी. हातांत लांकडाची छोटी पेटी किंवा पाटीचा तुकडा, अथवा टाळूला लावलेली पातळशी पडदी. यांतून तो मादीचा आवाज काढतो, आणि साऱ्या गोष्टी मनाजोग्या जुळून आल्या तर नर पिसारा फुलवीत चालत चालत त्याच्यापुढें येऊन उभा राहतो. म्हणजे येथें उडत्या पक्ष्यामागें बंदूक फिरवावयाची नसते. पक्षी जमिनीवर असतो, आणि नेम घ्यावयाचा तो त्याच्या डोक्यावर व मानेवर.

अंगावर कां नव्हे? मोठ्या टर्कीचीं पिसें दाट, पंखांचीं हाडें भक्कम, छातीचा स्नायु जाड. छरे त्यांत रुततात, पण मर्मापर्यंत पोंचतीलच अशी खात्री नसते. पक्षी पळून जातो आणि मागाहून मरतो. सांपडलाच तर मांसांत शिसें. याच्या उलट मेंदूंत किंवा मानेच्या मणक्यांत एक-दोन छरे नीट घुसले कीं तो तत्क्षणीं कोसळतो. एकंदर लक्ष्य माणसाच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताएवढें, आणि तेंहि सारखें पुढेंमागें हलणारें. त्यांतील खरा मर्मभाग तर त्याहून पुष्कळच अरुंद.

आतां क्रमांकाचा हिशेब. अमेरिकन पद्धतींत १७ मधून छऱ्याचा क्रमांक वजा केला कीं त्याचा व्यास इंचाच्या शतांशांत मिळतो. ४ नंबरचा छरा ०.१३ इंच, ५ नंबरचा ०.१२, ६ नंबरचा ०.११. फरक केसाएवढा दिसतो. परंतु गोळ्याचें वजन व्यासाच्या घनाप्रमाणें वाढतें, आणि त्यामुळें ४ नंबरचा एक छरा ६ नंबरच्या छऱ्याच्या सव्वापट नव्हे, तर जवळजवळ पावणेदोन पट जड भरतो. साहजिकच एका औंसांत, म्हणजे अडीच तोळ्यांस किंचित् कमी अशा वजनांत, ४ नंबरचे सुमारें १३५ छरे मावतात, ५ नंबरचे १७० आणि ६ नंबरचे २२५. बारा बोअरच्या बंदुकीचें पावणेदोन औंसांचें काडतूस घेतलें तर हेच आंकडे अनुक्रमें सुमारें २३५, २९७ आणि ३९४ होतात.

वादाचें मूळ येथेंच आहे. जड छरा हवेचा विरोध कापीत दूरवर वेग टिकवतो आणि हाडांत खोल शिरतो. हलका छरा लवकर मंदावतो, पण संख्येनें अधिक असल्यामुळें अरुंद मानेवर त्यांतील चार-दोन तरी नक्की बसतात. ४ नंबर घेणाऱ्याची भीति अशी कीं पक्ष्याच्या डोक्याभोंवतीं छरे जातील आणि मधें मोकळी जागा राहील. ६ नंबर घेणाऱ्याची भीति अशी कीं छरे बसतील, पण ४० वारांवर त्यांच्यांत जोर उरलेला नसेल. दोघांचेंहि भय खरें आहे. शिशाचींच काडतुसें वापरावयाचीं असतील तर ५ नंबर हा शहाणपणाचा मध्यममार्ग ठरतो. दाट झाडींत, जेथें २५-३० वारांपलीकडे दिसतच नाहीं, तेथें ६ नंबर त्याहूनहि बरा. ४ नंबरची बाजू घेणारे लोक बहुधा मोकळ्या माळावर शिकार करणारे असतात, आणि लांबच्या पल्ल्याचा मोह त्यांनाच अधिक होतो, हेंहि लक्षांत घेण्याजोगें आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य दिली पाहिजे. हे सारे क्रमांक अमेरिकन आहेत. विलायती क्रमांक निराळे: तेथील ६ नंबरचे छरे औंसाला सुमारें २७० भरतात, ५ नंबरचे २२०, ४ नंबरचे १७०. म्हणजे विलायती ५ तो जवळजवळ अमेरिकन ६, आणि विलायती ४ तो अमेरिकन ५. हिंदुस्थानांत इंग्रजी अमलांत विलायती काडतुसांचाच प्रघात असल्यामुळें आपल्याकडील जुन्या शिकारकथांत येणारे आंकडे त्याच मापाचे समजावेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्याची दुरुस्ती यांनंतर येथें तो प्रश्न जुन्या पुस्तकांपुरताच उरला आहे.

छऱ्याच्या निवडीइतकेंच महत्त्व नळीच्या तोंडाला आहे. तोंड किंचित् आवळलेलें असलें म्हणजे छऱ्यांचा झुबका अधिक वेळ एकत्र राहतो. या आवळ्याला 'चोक' म्हणतात. पुऱ्या चोकच्या नळींतून ४० वारांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळांत शेंकडा ७० छरे पडावेत असें जुनें माप आहे. टर्कीसाठीं एवढें पुरत नाहीं, म्हणून त्याहूनहि अधिक आवळलेले, नळीच्या तोंडांत पेंचानें बसवावयाचे चोक मिळतात. मऊ शिशाचे छरे बार उडतांना एकमेकांवर दाबले जाऊन चपटे होतात आणि चपटा छरा वाट सोडून भरकटतो. त्यासाठीं शिशांत अँटिमनी मिसळून तें कठीण करतात, वर तांब्याचा मुलामा देतात, आणि छऱ्यांच्या फटींत प्लॅस्टिकची भुकटी भरतात.

अलीकडे या जुन्या वादाला टंगस्टननें वेगळेंच वळण दिलें आहे. शिशाची घनता पाण्याच्या सुमारें ११ पट. टंगस्टनच्या नव्या मिश्रधातूची सुमारें १८ पट. हवेंतून जातांना वेग टिकविण्याची आणि आंत शिरण्याची शक्ति स्थूलमानानें व्यास व घनता यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. ०.१३ इंचाच्या शिशाच्या छऱ्याचा हा गुणाकार १.४३ येतो, टंगस्टनच्या ९ नंबरच्या, म्हणजे अवघ्या ०.०८ इंचाच्या छऱ्याचा १.४४. शिशाचा ९ नंबर चिमण्या-पांखरांच्या कामाचा. पण टंगस्टनचा तोच आकार ४ नंबरच्या शिशाची बरोबरी करतो, आणि औंसांत १३५ ऐवजीं सुमारें ३६० मावतो. जोर कीं संख्या, हा पेंच ज्यामुळें पडला होता तें कारणच येथें नाहींसें होतें. एके काळीं पोरांच्या हातीं द्यावयाची म्हणून हिणवली गेलेली चारशेंदहाची बारीक बंदूक एका औंसाहूनहि कमी टंगस्टनमध्यें आज जवळजवळ तितकेच छरे टाकते, जितके बारा बोअरचें अवजड काडतूस ५ नंबर शिशाचे टाकतें. खांद्याला धक्का मात्र कितीतरी कमी.

किंमत मात्र तशीच भारी असते, आणि दुसरा दोष किमतीहून मोठा आहे. असा बार ६० वारांवरहि पक्षी पाडतो असें ऐकून शिकारी ७० वारांवर चाप ओढूं लागतो. अंतराचा अंदाज रानांत हमखास चुकतो. ४० समजलेले वार मोजल्यावर ५५ निघणें ही नित्याची गोष्ट. छरा सुधारला तरी डोळा सुधारत नाहीं.

मोठा छरा घेतला कीं सर्व अडचणी मिटतील असें कोणाला वाटेल. पण अनेक राज्यांत टर्कीसाठीं छऱ्याच्या कमाल आकारावर कायद्याची मर्यादा आहे, आणि तिचें कारण पक्षी नसून माणूस आहे. फ्रेंच सेनाधिकारी जूर्ने यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ढोबळ नियमाप्रमाणें शिशाच्या छऱ्याचा इंचांतील व्यास २२०० नें गुणला म्हणजे तो जास्तींत जास्त किती वार जाईल तें कळतें. ४ नंबरचा छरा सुमारें २८५ वार जातो. हरणासाठीं वापरतात तो ०.३३ इंचाचा टपोरा छरा ७२५ वार. ज्या रानांत प्रत्येक जण पानांच्या रंगाचे कपडे घालून टर्कीचाच आवाज काढीत दडून बसलेला असतो, तेथें ही गोष्ट पोरखेळ नव्हे. आवाजाच्या रोखानें बार टाकून दुसऱ्या शिकाऱ्याला जखमी केल्याचे प्रकार या शिकारींत घडलेले आहेत.

शिशाच्या विषाचा प्रश्नहि आहेच. पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिशाला अमेरिकेंत १९९१ पासून सर्वत्र बंदी आहे, आणि कॅलिफोर्नियांत २०१९ पासून सर्वच शिकारींत. स्वस्त पर्याय पोलादाचा. पण त्याची घनता ८ हूनहि कमी, म्हणून तेथें मोठा छरा आणि जवळचा पल्ला यांना पर्याय नाहीं.

शेवटीं निवड कागदावरच करावी लागते. ४० वारांवर मोठा कागद टांगून त्यावर टर्कीचें डोकें काढतात आणि एक बार टाकून १० इंच व्यासाच्या वर्तुळांतील भोंकें मोजतात. तीं शंभर भरलीं तर बंदूक व काडतूस यांचें जमलें असें मानण्याची वहिवाट आहे. एकाच कारखान्यांतील दोन बंदुका एकाच काडतुसानें निराळा आकार काढतात, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबतां येत नाहीं. दुसरा कागद २० वारांवर अवश्य टांगावा. तेथें आवळलेल्या चोकमधून येणारा झुबका पुष्कळदां मुठीएवढाच निघतो, आणि दूरवर पक्षी पाडणारा शिकारी पुढ्यांत आलेल्या पक्ष्यावर कां चुकतो, याचा उलगडा त्या एका भोंकांत होतो. बंदुकीची माशी जुळविण्यासाठीं लागणारे पहिले आठ-दहा बार स्वस्त, हलक्या काडतुसांचे असले तरी चालतात; मोजावयाचे बार मात्र शिकारींत वापरावयाच्या काडतुसांचेच हवेत.