साडेबारा म्हणजे कुठले साडेबारा?

अमिरातीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या डोक्यात दीड तासाचे गणित पक्के बसलेले असते. इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे अकरा, आता आईला फोन नको, हे आपण बोटे न मोजता जाणतो. संगणकाला मात्र हे उपजत येत नाही. त्याला लिहून द्यावे लागते, आणि आम्हा इंजिनिअर मंडळींचा बराच वेळ या लिहून देण्यातच जातो.

इमारतीतले एसी, दिवे, भोंगे, हजेरीची यंत्रे, सगळे हल्ली वेळापत्रकाच्या नियमांवर चालते. हे नियम पुष्कळ ठिकाणी एक्सएमएल नावाच्या पद्धतीने लिहून ठेवतात. एक्सएमएल आले १९९८ साली, आणि त्यात तारीख-वेळ कशी लिहायची हे २००१ साली ठरले. तऱ्हा सरळ आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये इंग्रजी 'टी' अक्षर, मग वेळ आणि शेवटी ग्रिनिचपासूनचे अंतर. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा अमेरिकन साहेबाशी होणारा वाद इथे उद्भवतच नाही. (फाईलमधले आकडे अर्थात इंग्रजी, इथे आपले देवनागरी.)

आता एक इथलेच उदाहरण घेऊ. १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, या वेळात उघड्यावर थेट उन्हात काम करवून घ्यायला अमिरातीत बंदी आहे. २००५ पासून दर उन्हाळ्यात ती लागू होते. मोडली तर माणसामागे ५,००० दिरहॅम दंड, जास्तीत जास्त ५०,०००. दंडाचे सोडा हो, त्या उन्हात माणूस कोसळतो.

समजा, बांधकामावरच्या भोंग्याचा नियम लिहायचा आहे. नवशिका मुलगा '१२:३०:००' एवढेच लिहितो आणि चहाला जातो. पण साडेबारा कुठले? नियम वाचणारा संगणक ग्रिनिचच्या वेळेवर चालत असेल तर भोंगा आपल्याकडे साडेचारला वाजेल. मजूर तोवर भाजून निघाले. पुण्यातल्या संगणकाने भारतीय वेळ धरली तर अकराला सुट्टी होईल आणि दीडला, ऐन कडाक्यात, माणसे परत उन्हात! म्हणून '१२:३०:००+०४:००' असे पुरते लिहावे. पुढचे सहा ठसे टंकायचा कंटाळा करू नये.

शेवटच्या तारखेतही एक खोच आहे. '१५ सप्टेंबर, ००:०० पर्यंत' असे लिहिले की नियम चौदाच्या रात्रीच संपतो, पंधराचा अख्खा दिवस गळतो. वेळ न जोडता नुसती तारीख लिहावी आणि 'हा दिवस धरून' असे स्पष्ट नोंदवावे. वर्ष तर लिहूच नये. वर्षाविना महिना-दिवस लिहायची सोय आहे: '--०६-१५', सुरुवातीला दोन आडव्या रेघा. आणि शेवटची वेळ देण्याऐवजी कालावधी द्यावा, 'पीटी२एच३०एम', म्हणजे आपले अडीच तास. मध्यरात्र ओलांडणाऱ्या शिफ्टना तर हाच उपाय उत्तम.

गंमत म्हणजे 'दर सोमवारी' असे लिहायला या पद्धतीत तयार प्रकारच नाही. मग जो तो वारांना आकडे देतो. आंतरराष्ट्रीय मानकात १ म्हणजे सोमवार. अरबीत सोमवारच्या नावातच 'दोन' आहे, कारण तिथे मोजणी आपल्यासारखी रविवारपासून. एकाने लिहिले, दुसऱ्याने वाचले, की एका दिवसाचा घोळ ठरलेला. आमचे म्हणणे, वाराचे सरळ नाव लिहावे.

आणि सुट्टीचा वार तर नियमात कधीच कोरून ठेवू नये. इथली सरकारी साप्ताहिक सुट्टी आधी गुरुवार-शुक्रवार होती, सप्टेंबर २००६ पासून शुक्रवार-शनिवार झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार, वर शुक्रवारी अर्धा दिवस. शारजाने शुक्रवारपासून पूर्ण तीन दिवस दिले. ज्यांनी 'सुट्टी' हा शब्द एका जागी ठेवून बाकी नियमांत त्याचा नुसता हवाला दिला, त्यांना एक ओळ बदलावी लागली. ज्यांनी प्रत्येक नियमात वार घातले, त्यांचे २०२१ चे नाताळ कसे गेले असेल ते विचारू नका.

राहता राहिला चंद्र. त्या दोन रेघांच्या सोयीत इंग्रजी कॅलेंडरच चालते. २०२४ च्या गणेश चतुर्थीवरून '--०९-०७' लिहून ठेवले असते तर २०२५ साली आपला गणपती २७ ऑगस्टलाच येऊन बसला होता! तरी आपली तिथी आगाऊ छापता येते, 'कालनिर्णय' भिंतीवर असते. रमजानचे तसे नाही. इथे चंद्रदर्शनाची समिती शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी बसते आणि उद्या उपवास की परवा, ते त्याच रात्री कळते. रमजानात कामाचे रोज दोन तास कमी होतात, म्हणजे एसीपासून बसपर्यंत सगळेच हलले. अशा तारखा सूत्रात बसवायच्या भानगडीत न पडता वेगळ्या छोट्या फाईलीत ठेवतात, आणि त्या संध्याकाळी एक शहाणा माणूस, शक्यतो जेवलेला, बातमी येईपर्यंत संगणकाशी बसवतात.