रक्ताची एक पिशवी आणि अनेक हात

'रुग्णालयात कोण कोण काम करते?' असे वर्गात विचारले, तर 'डॉक्टर आणि नर्स' हे उत्तर लगेच येते. बाकीच्यांची कामे मात्र सांगता येत नाहीत. ती समजून घेण्यासाठी आपण रक्ताच्या एका पिशवीमागे जाऊ या.

रुग्णाला रक्त द्यायचे, हे डॉक्टर ठरवतात. मग परिचारिका किंवा निवासी डॉक्टर त्याच्या रक्ताचा नमुना घेतात. नळीवर नाव व नोंदणी क्रमांक खाटेपाशीच लिहायचा असतो, आणि नाव रुग्णाकडूनच वदवून घ्यायचे असते. 'तुम्ही पाटीलच ना?' असे विचारले, तर गुंगीतला माणूस कशालाही मान हलवतो!

नमुना रक्तपेढीतील तंत्रज्ञाकडे जातो. १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवलेले रक्तगट येथे उपयोगी पडतात. 'ए' गटाच्या लाल पेशींवर 'ए' प्रतिजन असते. 'ओ' गटाच्या रुग्णाच्या रक्तद्रवात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. त्याला 'ए' गटाचे रक्त दिले, तर त्या पेशी फुटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, प्राणही जाऊ शकतो. म्हणून तंत्रज्ञ दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव एकत्र करून गुठळ्या होतात का, ते पाहतात. यालाच क्रॉसमॅचिंग म्हणतात. एचआयव्ही, 'बी' व 'सी' प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी दात्याच्या रक्ताची तपासणी आधीच झालेली असते.

पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेली असते. ती वॉर्डात नेणारा वॉर्डबॉय वाटेत रेंगाळला, तर रक्त गरम होऊ लागते. वॉर्डात दोघे जण पिशवीवरचा मजकूर रुग्णाच्या नोंदीशी ताडून पाहतात. पहिली १५ मिनिटे परिचारिका जवळच थांबते. थंडी वाजणे, कंबर दुखणे अशी लक्षणे दिसताच ती रक्त थांबवते आणि डॉक्टरांना बोलावते. शेवटी सफाई कर्मचारी रिकामी पिशवी पिवळ्या रंगाच्या कचरापिशवीत टाकतो. ती इतर कचऱ्यात मिसळली, तर संसर्गाचा धोका इतरांना असतो.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हां मंडळींना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. नमुनाच दुसऱ्याचा असेल, तर अचूक चाचणीही चुकीचेच उत्तर देते. रुग्णाच्या रक्तगटाची जुनी नोंद नसेल, तर नळीवरचे चुकीचे नाव तंत्रज्ञाला कळणार कसे? म्हणून नाव विचारण्याचे साधे काम क्रॉसमॅचिंगइतकेच महत्त्वाचे आहे. या साखळीत प्रत्येक जण आपले काम करतो आणि आधीच्याची चूकही पकडू शकतो.

वर्गात हा प्रवास फळ्यावर मांडावा. प्रत्येक टप्प्यापुढे विद्यार्थ्यांनी दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: हे काम कोण करते? आणि ते केले नाही, तर काय होईल?