जादा तासांचा हिशेब

गळीत ऐन भरात असलं, की बदलीचा माणूस येत नाही आणि पाळी लांबते. सभासदांचीच पोरं कामावर. तेव्हा हा हिशेब घरी जरूर करून बघावा. तास मात्र हजेरी कार्डावरचे धरा, आठवणीतले नकोत.

समजा, दर तासाला ६० रुपये आणि आठवड्यात काम ५४ तास. सरसकट गुणलं तर ३२४० रुपये. इथंच गडी फसतो! ४८ तासांचे २८८० आणि वरच्या ६ तासांचे दुप्पट दराने, म्हणजे १२० प्रमाणे, ७२०. एकूण ३६००. दुपटीचा नियम १९४८ च्या कारखाने कायद्यातला. नव्या कामगार संहितांतही तो कायम आहे.

किमान वेतनाशी ताडायचे ते २८८० रुपये, ३६०० नव्हेत. तिथली तूट जादा कामाच्या पैशातून भरता येत नाही. फंडाची वगैरे कपात त्यानंतरची.