बंदुकीचा परवाना : अर्ज ऑनलाईन, पण प्रशिक्षण?



आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा आहे. मुलं मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघतात आणि विचारतात, "सर, घरबसल्या कोर्स केला की पिस्तूल मिळतं का?" प्रश्न आला की उत्तर नीट द्यायला हवं. नुसतं "गप्प बस" म्हणून चालत नाही. म्हणून ही माहिती.

दीड तासाचा कोर्स आला कुठून?

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. टेनेसी राज्यात १ जानेवारी २०२० पासून पिस्तूल बाळगण्याचे दोन परवाने सुरू झाले. एकासाठी आठ तासांचा वर्ग आणि प्रत्यक्ष गोळीबाराची परीक्षा लागते. दुसऱ्यासाठी किमान ९० मिनिटांचा ऑनलाईन कोर्सही चालतो. तो परवाना असलेल्याला पिस्तूल झाकून बाळगावं लागतं. २०२१ पासून तर तिथं बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. व्हर्जिनिया राज्य मात्र उलट दिशेनं गेलं. तिथं आधी ऑनलाईन कोर्स चालत होता, पण १ जानेवारी २०२१ पासून तो बंद झाला आणि समोरासमोरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं गेलं. म्हणजे बघा, एकाच देशात दोन राज्यांनी दोन उत्तरं दिली.

आपल्याकडे काय आहे?

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे हक्क नाही, ती सरकारनं दिलेली परवानगी आहे. मुख्य गोष्टी अशा :

१) अर्जदाराचं वय किमान २१ वर्षे हवं.
२) अर्ज केंद्र सरकारच्या पोर्टलवर ऑनलाईन भरता येतो. चिखलीच्या माणसाला परवाना देण्याचा अधिकार बुलढाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तो पोलीस आयुक्तांकडे असतो.
३) पोलीस ठाण्याकडून चौकशीचा अहवाल येतो. शस्त्र कशासाठी हवं, हे पटवून द्यावं लागतं.
४) २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली.
५) शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यायचं असतं. त्याच्या प्रमाणपत्राला नमुना एस-१ म्हणतात.

या पाचव्या मुद्द्यावर जरा थांबू. नियमांत प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमच दिलेला आहे : शस्त्र सुरक्षित हाताळणं व बाळगणं, गोळी झाडण्याचं तंत्र, शस्त्राची निगा, घरात ठेवणं व वाहून नेणं आणि कायद्याची माहिती. यातली कायद्याची माहिती पडद्यावर वाचून कळेल. बाकीचं हातानं शिकावं लागतं. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरचं प्रमाणपत्र छापून आणलं, तरी इथं त्याचा उपयोग नाही.

माहिती वेगळी, सवय वेगळी

हा फरक आपण शिक्षकांना कुणी समजावून सांगायला नको. २०२० मध्ये निष्ठा प्रशिक्षण ऑनलाईन झालं, दीक्षावर आपण कोर्स पूर्ण केले. व्हिडिओ संपतो, प्रश्नमंजुषा सुटते, प्रमाणपत्र डाउनलोड होतं. माहिती मिळतेच, त्यात वाद नाही. पण पहिलीच्या पोराचा हात धरून 'अ' गिरवून घ्यायला वर्गातच जावं लागतं. पोहणं, सायकल, ट्रॅक्टर यांचंही तसंच.

बंदुकीचे मूळ नियम चारच आहेत : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, नळी कुणाकडे रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नका आणि नेमाच्या मागे काय आहे ते आधी बघा. हे पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. पण माणूस घाबरलेला असताना, अंधारात, हात थरथरत असताना बोट आपोआप चापाबाहेर राहायला हवं. ते सरावानं येतं, आणि सराव करताना चूक तिथल्या तिथं थांबवणारा कुणीतरी शेजारी उभा लागतो. पडद्याला तुमचं बोट दिसत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, तेही मैदानावरच्या सरावाच्या जोरावरच.

शेतकरी पालकांसाठी

आपल्याकडे सोयाबीन, हरभऱ्यात रानडुकरं आणि रोही घुसतात, रात्र-रात्र जागल करावी लागते. पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागण्याची तरतूद कायद्यात आहे. पण परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली, असं नाही. ही जनावरं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, त्यासाठी वनविभागाची वेगळी परवानगी लागते. तसंच लग्नात, वरातीत हौसेनं गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हेही २०१९ च्या दुरुस्तीतलंच.

घरात शस्त्र असेल तर

परवाना मोठ्या माणसाच्या नावावर असतो, पण घरात लेकरंही असतात. म्हणून :

• बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा. गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा.
• किल्ली मुलांना सापडेल अशी ठेवू नका. "त्याला माहीत नाही" हा भरवसा धरू नका. लेकरांना घरातली प्रत्येक जागा माहीत असते.
• पाहुण्यांना दाखवायला म्हणून शस्त्र बाहेर काढू नका.

वर्गात काय सांगाल?

परिपाठाला पाच मिनिटं काढा. तीन वाक्यं मुलांकडून म्हणून घ्या : "बंदूक दिसली तर हात लावणार नाही. तिथून लांब जाईन. मोठ्या माणसाला लगेच सांगेन." मग एका मुलाला पुढं बोलवा, टेबलावर खेळण्यातलं पिस्तूल ठेवा आणि त्याला हे करून दाखवायला सांगा. नुसतं म्हणणारी मुलं पुष्कळ असतील. ठरल्याप्रमाणे मागं सरणारी किती, ते मोजा. जी सरली नाहीत, त्यांच्याकडून दुसऱ्या दिवशी पुन्हा करून घ्या.

लेख उपयोगी वाटला तर पालकसभेत जरूर वाचून दाखवा.