माजलगावच्या पाण्यावरची शेती

बीड जिल्हा म्हटला की दुष्काळ आठवतो आणि ऊसतोडणीसाठी दरवर्षी घरदार सोडून जाणारी माणसे आठवतात. सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या याच जिल्ह्यात सिंदफणा नदीवर माजलगावचा विस्तीर्ण जलाशय आहे. तो भरला की पाहणाऱ्यांची पावले काठाकडे वळतात. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने हा जायकवाडी प्रकल्पाचा दुसरा टप्पा, १९८७ साली पूर्ण झालेला. त्याची एकूण साठवण सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर आणि त्यातला उपयुक्त साठा ३१२. पाण्याचा हिशेब सिंचन, पिण्याचे पाणी आणि उद्योग या तीन रकान्यांत मांडला जातो. काठच्या भोई आणि इतर मच्छीमार कुटुंबांसाठी मात्र हा जलाशय म्हणजे शेत आहे. पाणीवाटपाच्या हिशेबात या शेतालाही जागा मिळाली पाहिजे.

याला शेत म्हणण्याला आधार आहे. राहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची पैदास सहसा होत नाही. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केला आणि मत्स्यबीज केंद्रात तयार करणे शक्य झाले. आता बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, विकत घेऊन जलाशयात सोडावी लागते, विक्रीजोगा मासा व्हायला अनेक महिने थांबावे लागते. म्हणजे बियाणे आहे, गुंतवणूक आहे, हंगाम आहे. पीक हाती येण्याआधी पाणी आटले तर नुकसानही शेतकऱ्यासारखेच होते. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेऊन हे तत्त्वतः मान्यही केले आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: माणसे तहानलेली असताना माशांसाठी पाणी कसे राखायचे? २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद करावे लागले, २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पिण्याच्या पाण्याचा पहिला हक्क कोणीही नाकारणार नाही. मागणी पाणी अडवून ठेवण्याची नाही, वेळेवर सांगण्याची आहे. पावसाळा संपताच साठ्याचा अंदाज आणि सोडायच्या पाण्याचे वेळापत्रक मच्छीमार संस्थांच्या हाती आले, तर बोटुकली किती सोडायची आणि मासेमारी कधी उरकायची हे त्यांना ठरवता येईल. साठा मृतपातळीखाली गेलेल्या वर्षी जलाशयातल्या मासेमारीच्या ठेक्याची रक्कम माफ करणे आणि पिकासारखा पंचनामा करणे, यासाठी एक थेंबही जादा पाणी लागत नाही.

दुसरा युक्तिवाद पर्यटनाचा: नौकाविहार सुरू करा, रोजगार मिळेल. तो जरूर सुरू करावा, पण पर्यटक भरलेल्या जलाशयाकडे येतात. ज्या वर्षी मासा जातो, त्याच वर्षी पर्यटकही जातो. शिवाय नौकाविहाराचा ठेका बाहेरच्या माणसाकडे गेला, तर काठच्या गावांना हाती काय लागेल? म्हणून पर्यटन मच्छीमार संस्थांच्या हातून आणि त्यांच्या जाळ्यांची जागा राखूनच उभे राहावे.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शेतकऱ्यांबरोबर मच्छीमारांचा प्रतिनिधी बसवणे ही माशांच्या शेताला पाणीवाटपात जागा देण्याची पहिली पायरी आहे. कृषीचा दर्जा कागदावर आला आहे. तो माजलगावच्या पाणीवाटपात उतरवण्याची जबाबदारी आता शासनाची आहे.