विश्लेषण : घरी आल्यावर ऑफिसच्या लॅपटॉपचे ‘डोमेन’ काढावे का?

वांद्रे-कुर्ला संकुलातील ऑफिसात सुरळीत चालणारा लॅपटॉप खारदांड्यातील घरी आणला, की अडून बसतो. ऑफिसची सामायिक फोल्डर उघडत नाहीत, घरचा प्रिंटर सापडत नाही. मग कुणीतरी सुचवतो, ‘डोमेन काढ, वर्कग्रुपमध्ये टाक.’ हा सल्ला महागात पडू शकतो. शिवाय तशी गरजही नसते.

डोमेन आणि वर्कग्रुप म्हणजे काय?

वर्कग्रुपमध्ये प्रत्येक संगणक स्वतंत्र असतो. खाती आणि पासवर्ड त्याच यंत्रात राहतात. डोमेनमध्ये ही नोंद ‘डोमेन कंट्रोलर’ या मध्यवर्ती सर्व्हरकडे असते. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी विंडोज २००० बरोबर ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ आणली. विंडोजचा संगणक एका वेळी दोन्हींपैकी एकाचाच सदस्य असतो. विंडोजची ‘होम’ आवृत्ती तर डोमेनला जोडताच येत नाही.

सर्व्हर नसताना घरी लॉगइन कसे होते?

ऑफिसात यशस्वी लॉगइन झाले, की विंडोज त्याच्या पडताळणीची सांकेतिक नोंद लॅपटॉपमध्ये जपून ठेवते. मूळ रचनेत अशा १० खात्यांच्या नोंदी राहतात. म्हणूनच घरी तेच नाव आणि तोच पासवर्ड चालतो. मात्र नवा लॅपटॉप मिळाल्यास ऑफिसात एकदा लॉगइन करूनच घरी न्यावा. ऑफिसचा पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलला असेल, तर घरी आधी जुनाच पासवर्ड लागतो.

डोमेन काढल्यास काय बिघडते?

ऑफिसच्या खात्यातून त्या लॅपटॉपवर लॉगइन होत नाही. स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड माहीत नसेल, तर दारच बंद. नवे खाते उघडले तरी डेस्कटॉप रिकामा दिसतो. फायली डिस्कवर असतात, पण जुन्या खात्याच्या फोल्डरमध्ये. पुन्हा डोमेनला जोडण्यासाठी ऑफिसचे नेटवर्क आणि तिथली परवानगी लागते.

मग घरी काय बदलायचे?

नेटवर्कचा प्रकार : स्वतःच्या वायफायसाठी सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट’ निवडावे. खारदांड्याच्या कोळीवाड्यासारख्या दाट वस्तीत वायफायचा पासवर्ड शेजाऱ्यांनाही दिलेला असेल, तर ‘पब्लिक’च ठेवावे. ऑफिसात डोमेनचे नेटवर्क विंडोज आपोआप ओळखते.

आयपी पत्ता : ऑफिसने ठरावीक पत्ता भरून दिला असेल, तर घरी इंटरनेट अडते. मुख्य नोंद ‘ऑटोमॅटिक’ करून ऑफिसचा पत्ता ‘अल्टरनेट कॉन्फिगरेशन’मध्ये भरता येतो. ऑफिसचे नेटवर्क स्वतःहून पत्ता देत नसेल, तेव्हाच हा उपाय लागू पडतो.

घरच्या संगणकातील फोल्डर : त्यासाठी वर्कग्रुपचे नाव सारखे असावे लागत नाही. विचारणा झाल्यावर त्या संगणकाचे नाव, बॅकस्लॅश आणि तिथले वापरकर्तानाव लिहून तिथलाच पासवर्ड द्यावा.

ऑफिसच्या फायली : त्यांच्यासाठी ऑफिसने दिलेले व्हीपीएन जोडावे. सर्व्हरपर्यंत वाट मिळते, तेव्हाच ती फोल्डर उघडतात.

यातले काही बदल ऑफिसने बंद करून ठेवलेले असू शकतात. तिथे घरगुती उपाय न करता आयटी विभागाला विचारावे. ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मधील डोमेनच्या रकान्याला मात्र घरी हात लावू नये.