आईच्या खोलीचा रंग

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ राहावा म्हणून फार काटछाट केलेली नाही.)

पाऊस ओसरला की आपल्याकडे दोन गोष्टी सुरू होतात, फराळाच्या गप्पा आणि रंगाऱ्याला फोन. म्हणून आजचा भाग घराच्या रंगावर, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून.

दोन वर्षांपूर्वी आई साताऱ्याचं घर बंद करून आमच्याकडे पुण्याला राहायला आली. तिच्यासाठी उत्तरेकडची खोली रिकामी केली. मी भर दुपारी दुकानात गेले आणि शेड कार्डवरून एक मस्त राखाडी रंग निवडला. मासिकांत असतो ना, तसा. चार दिवसांत खोली तयार. आई म्हणाली, "छान आहे." आणि मग दिवसभर स्वयंपाकघरात बसायला लागली. पेपर तिथे, जप तिथे, मावशीशी फोन तिथे. खोलीत फक्त झोपायला. दीड महिना माझ्या लक्षातच आलं नाही, बरं का. शेवटी मुलीनेच विचारलं, "आजी, तू तुझ्या खोलीत का नाही गं बसत?" तर म्हणाली, "तिथे सारखं पाऊस येणार असं वाटतं."

मला आधी वाटलं, हे गाव सोडल्याचं दुःख आहे. ते होतंच. पण खोलीत संध्याकाळी सात वाजता दहा मिनिटं बसून पाहिलं आणि कळलं, आई अगदी शब्दशः बोलत होती!

काय होतं, उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. येतो तो आकाशाचा पसरलेला उजेड, आणि तो निळसर असतो. माझा राखाडी रंग वरून साधा दिसायचा, पण त्याच्या पोटात निळी छटा होती. निळसर उजेडात ती छटा वर आली. संध्याकाळी त्यात भर ट्यूबची. आपल्याकडे सर्रास लावतात ती 'कूल डेलाइट' ट्यूब साधारण ६५०० केल्विनची असते, म्हणजे तीही निळसर पांढरी. जुन्या पिवळ्या बल्बसारखा उजेड हवा असेल तर २७०० ते ३००० केल्विनचा 'वॉर्म' एलईडी घ्यायचा, खोक्यावर आकडा लिहिलेला असतो. तर माझा पहिला सल्ला हाच: रंग बदलायच्या आधी दिवा बदलून बघा. काहींचं काम तेवढ्यात होऊन जातं. आमचं अर्धं झालं. संध्याकाळ सुधारली, सकाळ तशीच.

मग दुसरी गोष्ट समजली. कंपन्या बहुतेक शेडला एक आकडा देतात, एलआरव्ही म्हणतात त्याला. शून्य ते शंभर. रंग आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी किती परत फेकतो, त्याचं हे माप. पन्नासचा रंग निम्मा उजेड गिळतो. खिडकी लहान, समोर दहा-बारा फुटांवर दुसरी इमारत, आणि भिंतींनीही उजेड गिळायचा म्हटल्यावर कसं व्हायचं? शिवाय कार्डवरचा चौकोन असतो बोटभर. तोच रंग चार भिंतींवर गेला की भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि रंग जास्त गडद, जास्त भडक वाटतो. म्हणून मनात भरलेल्या रंगाहून एक पायरी फिका घेतलेला बरा.

तपासायचं कसं? छोटा डबा घ्या, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या. मग तो पुठ्ठा खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीलगतच्या भिंतीवर, सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर, असा फिरवून बघा. दोन दिवस जातात. जाऊ देत.

या वेळी रंग आईनेच निवडायचा ठरलं. कार्ड हातात दिलं तर तिला त्यातली नावं काही सांगेनात. "मला श्रीखंडी हवा," म्हणाली. (हसू) आता बघा, आपल्याकडे रंगांची केवढी नावं आहेत! अबोली, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, राणी. सगळी साड्यांमधली. मग ती कपाटातली साडीच घेऊन गेलो. बऱ्याच दुकानांत आता यंत्राने रंग मिसळून देतात, काहींकडे कापडावरून छटा जुळवायची सोयही असते. तंतोतंत जुळत नाही, रेशमाची चमक भिंतीला कुठून येणार, पण जवळ जातं.

आणि इथे एक गंमत झाली. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. पुठ्ठ्यासमोर उभी राहून तिने आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. म्हणाली, "या डोळ्याने श्रीखंडी, त्या डोळ्याने आमरस." वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणजे मला 'शांत' वाटणारी ती राखाडी खोली तिला निव्वळ अंधारी होती. शिवाय राखाडी भिंत, राखाडी दार, राखाडीच बटणांचा बोर्ड! रात्री उठल्यावर ती बोर्ड चाचपडत शोधायची, हे तिने तेव्हा सांगितलं. ज्येष्ठांच्या खोलीत भिंत फिकी ठेवा, पण दाराची चौकट, बोर्डामागचा चौकोन उठून दिसेल अशा रंगाचा करा. पडण्याचा धोका कमी होतो, ही सजावटीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

बाकीचं भरभर सांगते. भिंतीला ओल असेल, पोपडे सुटत असतील, तर आधी पाणी कुठून मुरतंय ते बंद करा. त्यावर कितीही महाग इमल्शन मारलं तरी पुढच्या पावसात परत पोपडे. दहा बाय बाराच्या खोलीला दोन हातांसाठी साधारण तीन लिटर लागतो. सगळा एकदम घ्या, कारण नंतर मिसळलेल्या डब्यात बारीक फरक पडतो. शेडचा कोड डब्याच्या झाकणावर न लिहिता वहीत लिहा, झाकण हरवतं. भाड्याचं घर असेल तर पडदे, चादरी आणि दिवे यांवरच भर द्या.

चौकटीला आईने मोरपंखी सांगितला. रंगारी काका जरा बिचकले, "ताई, फ्लॅटमध्ये हा?" मी पण बिचकले होते. पहिला हात वाळला तेव्हा कुठे ओळख पटली. साताऱ्याच्या मागच्या दाराचा ऑइलपेंट.

आता पेपर ती खोलीतच वाचते. शब्दकोडं सोडवायला मात्र अजून स्वयंपाकघरात येते, कारण अडलेला शब्द विचारायला माणूस लागतं म्हणे. चला, भेटू पुढच्या भागात.